दस्त्यातल्या चिंध्या

ल्युएला हॅकमन भांडखोर बाई नव्हती. वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात तिची हयात गेली, पण तिथं तिचा चढा आवाज कुणी ऐकला नाही. मात्र तिचा राग मुरायचा. बिटाच्या आंबट पाण्यात उकडलेली अंडी मुरतात ना, तसा. एकदा रंग आतपर्यंत गेला की कितीही धुवा, जायचा नाही. सख्खी मोठी बहीण आर्डिथ डोंगराच्या पलीकडच्या उतारावर राहायची, आणि तिच्याशी ल्युएला नऊ वर्षं बोललेली नव्हती.

कारण सांगायला गेलं तर ऐकणाऱ्याला हसू यावं. आईच्या उशा. शेतावरच्या बदकांची पिसं साठवून आईनं त्या भरलेल्या, निळ्या पट्ट्यांच्या जाड गादीपाटाच्या खोळी तिनंच शिवलेल्या. पोरींना ताप आला की त्यांची डोकी त्याच उशांवर, आणि बाबा गेले तेही त्यातल्याच एकीवर डोकं टेकून. खोळ कुठं विरली की आई लाल दोऱ्यानं रफू करायची. निळ्यावर लाल कशाला, असं विचारलं तर म्हणायची, "लाल रीळ संपायचं नावच घेत नाही, मी काय करू?"

आई गेल्यावर घर रिकामं करताना ठरलं होतं, उशा चार, दोघींना दोन दोन. दुसऱ्या दिवशी बघतात तर एकही नाही. किल्ली आर्डिथकडे होती. ल्युएलानं विचारलं, तर आर्डिथ म्हणाली, "मी नाही घेतल्या." ल्युएलानं पुन्हा विचारलं. तेव्हा आर्डिथनं पर्स उचलली आणि आईच्या रिकाम्या स्वयंपाकघरातून निघून गेली.

आता आर्डिथच्या मुलीचं लग्न येत्या शनिवारी होतं. आमंत्रणाचं कार्ड फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली महिनाभर लटकत होतं, आणि येणार की नाही हे ल्युएलानं अजून कळवलं नव्हतं. नवरा, हार्लन, रोज फ्रिजमधलं दूध घ्यायला जायचा, कार्डाकडे बघायचा आणि फ्रिजचं दार जरा जास्तच हळू लावायचा.

"जाऊन ये ना," तो एकदा म्हणाला. "एकुलती एक भाची तुझी."

"उशा परत आल्या की जाईन."

त्यावर हार्लन गप्प बसला. एरवी तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता. बंदुकांचा विषय निघाला तर मुळीच नाही. खोऱ्यातल्या ठासणीच्या बंदुकांच्या क्लबात तो जुनाजाणता. तिथली सगळी मंडळी नळीच्या तोंडातून दारू ओतून, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजानं आत ठासून बार काढणारी. शिकारीचा हंगाम महिना-दोन महिन्यांचा, पण क्लबचं मैदान वर्षभर चालायचं. रविवारी सकाळी प्रार्थना आटोपली की सगळे तिथं. पुरुष बंदुका घेऊन पुढं, बायका घेवड्याच्या सूपचं पातेलं घेऊन मागं. तीस वर्षं ल्युएला पातेल्यापाशी होती.

या पानगळीत ती एकदम म्हणाली, "मला बंदूक घ्यायचीय."

हार्लननं पेपर खाली केला. "कुणावर एवढा राग आहे?"

"पत्र्याच्या डुकरांवर." मैदानाच्या टोकाला साखळ्यांवर पत्र्याची डुकरं टांगलेली असत. गोळी लागली की टण्ण वाजायची. "तीस वर्षं नुसतं ऐकतेय. एकदा मला वाजवून बघायचंय."

"बघू. माझा कारागीर आहे, त्याच्याकडे नंबर लावू. दोन वर्षं थांबलीस तर अशी बनवून देईल..."

"दोन वर्षांनी माझे खांदे मला विचारतील, आता कशाला? मला साधी हवीय. जुनी, वापरलेली, कारखान्यात बनलेली. कुणाला दाखवायला नाही, वाजवायला."

हार्लननं असं तोंड केलं की जणू तिनं पाहुण्यांसाठी डबाबंद सूप आणायचं म्हटलं. त्याची स्वतःची बंदूक गारगोटीच्या ठिणगीवर उडायची, तिच्या दस्त्यावर वेलबुट्टी कोरलेली होती, आणि ती आल्यापासून त्याला कारखान्याच्या बंदुकांचा वास सहन होत नसे.

मग ल्युएला त्याला न सांगताच क्लेटसच्या दुकानात गेली. क्लेटसकडे गळाला लावायचे किडे आणि जुन्या बंदुका एकाच काउंटरवर मिळायच्या. त्यानं मागच्या कोपऱ्यातून एक काढली. घोड्याखाली ठिणगी टाकणाऱ्या तांब्याच्या इवल्या टोपीवर उडणारी, अर्ध्या नळीपर्यंतच लाकूड असलेली, अक्रोडाच्या दस्त्यात पितळी झाकणाची छोटी पेटी बसवलेली.

"आत बार राहिलेला नाहीये ना?" ल्युएलानं विचारलं. एवढं तिला सूप ढवळता ढवळता कळलेलं होतं.

"हा घ्या पुरावा." क्लेटसनं नळी उभी धरून वरून गज सोडला. आत लोखंडावर लोखंड खणखणीत वाजलं. "भरलेली असती तर ठप्प वाजलं असतं, आणि मी तुम्हाला दाखवायच्या आधी जीव मुठीत धरून पळालो असतो. बघा, नळी आतून चकचकीत आहे. ज्यानं वापरली त्यानं वेळच्या वेळी धुतली."

"कोणाची होती?"

"चार हात फिरून आलीय. जुन्या बंदुकीला आणि विधुराला कुणी आधीचं विचारत नाही."

ल्युएलाला हसू आलं. तिनं पितळी झाकण उघडलं. आत चरबीत थिजलेल्या गोल चिंध्यांची चवड होती, मेणासारखी पिवळट, एकमेकींना चिकटलेली.

"काढून टाकू?" क्लेटस म्हणाला.

"असू देत. कुणीतरी मेहनतीनं कापल्यात."

घरी हार्लननं बंदूक हातात घेऊन उलटीसुलटी केली, घोडा मागं ओढून पाहिला, खांद्याला लावली. "माझी पहिली होती ना, अगदी अशीच," तो म्हणाला.

"तू विकलीस ती?"

"हं. या कारखान्यातल्या सगळ्या जुळ्या बहिणी. ओळखायच्या कशा?" त्यानं ती टेबलावर ठेवली आणि हात पुसले. पेटीचं झाकण काही त्यानं उघडलं नाही.

रविवारी ऊन छान पडलं होतं. सूपचं पातेलं ल्युएलानं डॉटीच्या हवाली केलं. डॉटी तिची धुलाईघरातली जोडीदारीण, तोंडानं तिखट.

"आता आम्हाला कोण विचारणार!" डॉटी म्हणाली. "बाईसाहेब निघाल्या डुकरं मारायला. हार्लन, बायकोला सांभाळ हो. नाहीतर घरी जाताना डुकरांत तुझा नंबर!"

हार्लन हसला. शिकवायची हौस त्याला पहिल्यापासून. त्यानं मापानं दारू ओतायला लावली, बोटं नळीच्या तोंडावरून बाजूला घ्यायला लावली. ल्युएलानं दुकानातल्या नव्या चिंध्या आणल्या होत्या. पण त्या पातळ निघाल्या, गोळी सैल बसायला लागली.

"असं असेल तर पेटीतल्या वापर," हार्लन म्हणाला. तो आपल्या पिशवीत टोप्यांची डबी शोधत होता, मान खाली. "जुन्या लोकांचं कापड जाड असायचं."

ल्युएलानं थिजलेल्या चवडीतून नखानं एक सोडवली. चरबीत माखून तिचा रंग जुन्या मेणबत्तीसारखा झाला होता. ती नळीच्या तोंडावर ठेवली, वर गोळी, आणि गजानं एका दमात खाली. हार्लननं तांब्याची टोपी दिली. घोडा मागं, गाल दस्त्याला. चाप ओढला तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत. पांढऱ्या धुराचा ढग तोंडासमोर उभा राहिला, खांद्याला एक भरीव, सावकाश ढोसणी बसली, जशी गोठ्यात गाय देते, आणि ढगाच्या पलीकडून आवाज आला, टण्ण.

"वाजलं!" डॉटी ओरडली. "अगं बाई, वाजलं!"

ल्युएलाला तीस वर्षांचं सूप त्या एका आवाजात वसूल झाल्यासारखं वाटलं.

बार झाला की पुढं जाऊन जळकी चिंधी उचलायची, ही तिथली रीत. गोळीबरोबर ती बाहेर पडते आणि दहा-पंधरा पावलांवर गवतात पडते. वैद्य जीभ बघतो तसे ही मंडळी ती चिंधी बघतात. मधे फाटली तर नळीत खरखर, कडा जळल्या तर कापड पातळ, भोक पडलं तर दारू जास्त. हार्लन यातला शास्त्री. एका चिंधीवर तो घटकाभर बोलायचा, समोरच्याचं सूप गार होईपर्यंत.

मैदानावर सगळ्यांनी बंदुका खाली ठेवल्यावर तो पुढं गेला. वाकला, चिंधी उचलली. उलटी केली. मग तसाच वाकलेला राहिला, कंबरेत चमक भरल्यासारखा. उठला, चिंधी खिशात टाकली आणि परत आला.

"काय म्हणते?" ल्युएलानं विचारलं.

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे? फाटली? जळली?"

"ठीक आहे म्हटलं ना. पुढचा बार नव्या चिंधीनं भर. या जुन्या नकोत."

"आत्ता तर तूच म्हणालास..."

"अगं, नको म्हणतोय तर नको!"

डॉटीनं पातेल्यावरून मान वर केली. तीस वर्षांत हार्लननं चिंधीवर दोनच शब्द बोलून विषय संपवलेला कुणी पाहिला नव्हता. ल्युएलानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते धुलाईघरातल्या चादरीसारखं झालं होतं. त्याला बरं वाटत नाहीये, हा तिचा पहिला विचार. छातीत दुखतंय का, असं ती विचारणार होती. पण त्याचा हात छातीवर नव्हता. खिशावर होता.

पेटीतून दुसरी चिंधी काढून तिनं बार भरला. हार्लन "ल्यू, ऐक" म्हणत होता. तिनं चाप ओढला. गोळी कुठं गेली कुणास ठाऊक, टण्ण काही वाजलं नाही. बंदूक टेकवून ठेवली, सगळ्यांच्या खाली ठेवून व्हायची वाट पाहिली आणि ती स्वतः गवतात गेली.

चिंधी एखाद्या फुलासारखी उमलून पडली होती. चरबी वितळून गेली होती. मधे गोळीचा काळा गोल, पण कडेला कापडाचा मूळ रंग वर आला होता. निळी पट्टी, पांढरी पट्टी, निळी पट्टी. असं कापड खोऱ्यात घरोघर होतं, तिनं स्वतःला सांगितलं. कुणाचंही असेल. तरी ती खाली वाकली. चिंधी तिनं तळहातावर सपाट केली. काळ्या गोलाला खेटून बारीक, एकाआड एक विणलेले टाके होते. लाल.

मागं कुणीतरी विचारत होतं, सूपमधे मीठ घातलं का. ल्युएलाला ते अगदी स्पष्ट ऐकू आलं. घातलं नाहीये, तिच्या मनात आलं, सांगायला हवं.

ती परत आली तेव्हा हार्लन डोक्यावरची टोपी काढून उभा होता, चर्चमधे उभा राहतो तसा.

"खिशातली काढ," ती म्हणाली.

त्यानं काढली. तीही निळ्या पट्ट्यांची.

"ल्यू, मी मुद्दाम नाही... घर रिकामं करताना भंगार टाकायचं काम माझ्याकडे होतं. उशा त्या ढिगातच होत्या. पिसांना वास मारत होता. मला वाटलं, टाकायच्याच आहेत. कापड मात्र असं घट्ट विणीचं, असं हल्ली कुठं मिळतच नाही. पिसं टाकली आणि खोळी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तू उशा शोधायला लागलीस..."

"तेव्हा सांगायचंस."

"सांगणारच होतो. पण तोवर तू आर्डिथला बोलून बसली होतीस."

"म्हणून?"

"म्हणून मग कसं सांगणार? मला वाटलं, चार दिवसांत तुमचं मिटेल. बहिणी आहात. मग चार दिवसांचे... ती बंदूकच मला डोळ्यांसमोर नको झाली. विकून टाकली. उरलेलं कापड जाळलं. पेटीत या राहिल्या ते ध्यानातच आलं नाही."

ल्युएलाला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण ओरडायला आत काही सापडेना. डोंगरावरून पाण्याचा लोंढा येणार म्हणून माणसानं कान झाकावेत, आणि काहीच येऊ नये, तसं झालं होतं. तिला फक्त फ्रिजचं दार आठवत होतं. दूध काढून ते हळूच लावणारा हात. नऊ वर्षं हा माणूस तिच्यासमोर बसून बटाटे कुस्करत होता, आणि ती आर्डिथला चोर म्हणत होती. प्रत्येक नाताळला. प्रत्येक ईस्टरला. आणि हा म्हणायचा, "जरा लोणी दे."

"डॉटी," ती म्हणाली, "सूपमधे मीठ नाहीये."

तिनं बंदूक उचलली, गाडीच्या मागच्या सीटवर आडवी ठेवली. दोन्ही चिंध्या स्वेटरच्या खिशात टाकल्या. गाडी सुरू केली तेव्हा हार्लन धावत खिडकीशी आला. त्याचे डोळे भरले होते, आणि तोंडून मात्र निघालं ते असं:

"ल्यू, नळी धुतल्याशिवाय नेऊ नकोस गं! दारूचा राप राहिला तर रात्रीत गंज चढतो!"

ल्युएलानं त्याच्याकडे बघितलं. आपण या माणसाशी लग्न केलंय, हे जणू तिला कुणीतरी आत्ताच सांगितलं होतं.

"चढू दे," ती म्हणाली.

डोंगर कसा ओलांडला ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. आर्डिथच्या अंगणात तिनं गाडी थांबवली तेव्हा इंजिन बंद करायला ती विसरली. मग मागं वळून बंदूक पाहिली. लग्नघरी पोराटोरांचं येणंजाणं असेल, अशी गाडीत कशी सोडायची? म्हणून ती हातात घेतली. दारावरची घंटा वाजवल्यावर तिला कळलं, आपण कशा दिसत असू.

दार उघडलं. आर्डिथ म्हातारी झाली होती. केस आईसारखे मागं बांधलेले, हाताला पीठ. तिनं आधी ल्युएलाकडे पाहिलं, मग बंदुकीकडे.

"नऊ वर्षांनी आलीस," ती म्हणाली, "आणि सोबत हे घेऊन? एवढा वाढला राग?"

"रिकामी आहे."

"तू मनानं रिकामी झालीस ते तर आमंत्रणाला उत्तर दिलं नाहीस तेव्हाच कळलं."

ल्युएलानं खिशात हात घातला आणि चिंध्या पुढं केल्या. तिला वाटलं होतं, सांगावं लागेल. काही सांगावं लागलं नाही. आर्डिथनं एक उचलून उजेडात धरली, नाकाशी नेली, गंधकाच्या वासानं तोंड वाकडं केलं, आणि अंगठा लाल टाक्यांवरून फिरवला.

"कुणी?"

"हार्लननं."

आत ओव्हनमधे काहीतरी करपल्याचा वास यायला लागला होता आणि दोघींपैकी कुणी हललं नाही.

"त्यानं मला दर नाताळला काकवीचा केक पाठवला," शेवटी आर्डिथ म्हणाली. "चोरून. तुला कळू नये म्हणून कुरियरनं. मी म्हणायची, बिचारा, बायकोच्या वतीनं लाजतोय. मी तो खायची गं, ल्यू! नऊ वर्षं खाल्ला!"

"आर्डी, मला..."

"थांब. मी तुला सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतंस."

"एकदा सांगितलं होतं. बहिणीनं एकदा सांगितलेलं पुरायला हवं होतं. पुरलं नाही. त्याचं हार्लनवर कसं ढकलशील?"

वाटेत कुठंतरी तिला वाटलं होतं की चिंध्या दाखवल्या की झालं, दोष सगळा त्यांच्यात आहे. आता तिला दिसलं की तिच्या वाटणीचा तिच्याकडेच उरलाय.

"नाही ढकलत," ती म्हणाली.

आर्डिथनं तिच्या काळ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं, गालावरच्या काजळीकडे पाहिलं. "हे धुवावं लागतं ना? बाबा घरी आल्या आल्या धुवायचे. आई ओरडायची, पीठ मळायच्या ओट्यावर नको म्हणून."

"रात्रीत गंज चढतो."

"मग आत ये. दारात उभं राहून गंज चढवतेस का?"

केक करपलाच होता. आर्डिथनं तो तसाच मोरीत टाकला, मग उचलून कचऱ्यात टाकला, आणि किटली चढवली. ल्युएलानं खुंटी ठोकून काढली आणि नळी दस्त्यापासून सोडवली. हार्लननं हे तिच्या मोरीत एवढ्या वेळा केलं होतं की हातांनाच ठाऊक होतं. नळीचं मागचं टोक बादलीत उभं केलं, वर नरसाळं लावलं. आर्डिथनं उकळतं साबणाचं पाणी ओतायला घेतलं. खालच्या बारीक भोकातून काळंकुट्ट पाणी यायला लागलं, सडक्या अंड्याच्या वासाचं.

भिंतीवरचा फोन वाजला. आर्डिथनं किटली न ठेवता खांद्यानं उचलला. "हं, हार्लन. इथंच आहे. बंदूकही इथंच आहे." थोडं ऐकलं. "नाही, तू येऊ नकोस. डॉटीला म्हणावं, घरी सोड. आणि हार्लन, यंदा नाताळला केक पाठवू नकोस." तिनं फोन ठेवला. "रडतोय," ती म्हणाली.

"रडू दे."

"तू शनिवारी ये. मुलीनं तुझी खुर्ची पुढं ठेवलीय, ती मी हलवणार नाही. तुझ्याशी बोलायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. आज बोलतेय ते धक्क्यानं बोलतेय."

"बरं," ल्युएला म्हणाली. "मीही."

उकळत्या पाण्यानं लोखंड तापत गेलं. ल्युएलाच्या हातातलं फडकं पातळ होतं, बोटं भाजायला लागली आणि तिनं नळी सोडायला हात सैल केले. आर्डिथनं किटली खाली ठेवली, आपल्या ॲप्रनचा पदर तिच्या हातांवरून गुंडाळला आणि वरून घट्ट धरलं.

"सोडू नकोस, मेले," ती म्हणाली. "सगळं काळं माझ्या फरशीवर सांडेल."